सातवा नग

“खिशात काय काय हाय ते काढ आणि टेबलावर ठेव,” मालक म्हणाले.

सुकुमारनं काढलं. एक पेन ड्राइव्ह, सहा इंची स्टीलची पट्टी, लवंगांची पुडी आणि घराची किल्ली. सोळा वर्षं आमच्या फौंड्रीत ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाच्या खिशातून एवढंच निघालं. मालकांनी पेन ड्राइव्ह आपल्याकडं ओढला. बाकीच्याला हात लावला नाही.

मी केबिनच्या दारात उभी होते, हातात आवक-जावकची वही. मला साक्षीला बोलावलंय की नोंदीला, हे अजून कळलं नव्हतं.

“अक्का, आत या. दार लावा.”

टेबलावर घडी पडलेला एक कागद होता. पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग. रेघा आमच्या होत्या, पण कोपऱ्यात नाव पलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या फौंड्रीचं. साच्यासाठी लाकडी पॅटर्न करणारा महादेव सुतार दोघांचीही कामं करायचा. त्यानंच सकाळी तो कागद मालकांना आणून दाखवला होता. दिवाळीपासून ही तिसरी वेळ. ड्रॉइंग आम्ही काढायचं, गिऱ्हाइकाला मंजुरीला पाठवायचं, आणि मंजुरी यायच्या आत त्या लोकांनी तसलंच कास्टिंग ओतून गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायचं.

“सुकुमार,” मालक म्हणाले, “ड्रॉइंग आपल्याकडं दोनच ठिकाणी असतंय. तुझ्या कॉम्प्युटरवर आणि अक्कांच्या. अक्कांच्या वहीत एकोणीस वर्षांत एक खाडाखोड न्हाई. मग राहिलं कोण?”

“मी दिलं नाही, मालक.”

“मग काय, कागदाला पाय फुटले?”

सुकुमार मगदूम मुळात कमी बोलणारा. रागावला की अजून कमी. त्यानं पट्टी उचलली, पुसली आणि परत खिशात ठेवली.

“शनिवारी दुपारी दोनला राजीनामा द्यायचा,” मालक म्हणाले. “तुझ्या वडलांकडं बघून पोलिसात जात न्हाई. पण उद्या कुणी विचारलं, का काढला म्हणून, तर खोटं सांगणार न्हाई.”

हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. भट्टीवरचा मुकादम शिव्या देऊन काढला तर तो चौथ्या दिवशी शेजारच्या फौंड्रीत कामाला लागतो. पण ड्रॉइंग फोडणारा म्हणून एकदा नाव झालं की आमच्या सगळ्या वसाहतीत त्याला कुणी गेटच्या आत घेणार नाही. सुकुमारला दुसरं काही येत नव्हतं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शिकणारही नव्हता.

तो गुरुवार होता.

मी माझ्या जागेवर आले. जागा म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, एक कॉम्प्युटर, लाल पेन, निळं पेन, गोंदाची बाटली आणि पेन्सिलीला टोक करायला अर्धं ब्लेड. सगळ्या ऑफिसात इंटरनेट फक्त माझ्या मशीनला. मालकांचा हिशेब सरळ होता: दार एकच ठेवायचं आणि दारात अक्का बसवायची. सुकुमारनं ड्रॉइंग काढलं की पेन ड्राइव्हवर माझ्याकडं आणायचं, मी वहीत लिहायचं आणि गिऱ्हाइकाला पाठवायचं. बाहेरून काही आलं तर तेही आधी माझ्याकडं.

बाहेरून यायच्या त्या बहुतेक झिप फाइली. एकात सात-आठ ड्रॉइंगं बांधून घातलेली. मी त्यांना गाठोडी म्हणायची. माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत मोजणीला होते. गाडीत चढताना रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मोजायचे, उतरताना परत मोजायचे, आणि एकला कधी एक म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. मीही तसंच करायची. गाठोडं उघडायच्या आधी आतली यादी दिसते, ती मोजायची: लाभ, दोन, तीन. मग उलगडायचं आणि बाहेर किती आले ते मोजायचं. वहीत दोन रकाने होते, ‘आत’ आणि ‘बाहेर’, आणि शेवटी माझी सही. मला कुणी असं करायला सांगितलेलं नव्हतं. मालकांना ते आवडायचं. दर दसऱ्याला कॉम्प्युटरला कुंकू लावताना ते वहीलाही लावायचे.

गाठोडी उलगडायचं जे सॉफ्टवेअर होतं ते महिनाभर फुकट वापरायचं होतं, आणि आम्ही ते नऊ वर्षं वापरत होतो. रोज उघडलं की चौकट यायची: मुदत संपली, विकत घ्या. मालक म्हणायचे, “इचारतंय तवर इचारू दे.” आमचं कॉम्प्युटरचं बघणारा प्रसन्न शेटे प्रत्येक खेपेला सांगायचा की हे फार जुनं झालंय, नवीन टाकूया. मालकांचं ठरलेलं उत्तर होतं, “चालत्या भट्टीत पाणी कोण वततंय?”

मनातल्या मनात मी माणसांचीही आवक-जावक ठेवते. वाईट खोड आहे, पण उपयोगी पडते. सुकुमारच्या पानावर सोळा वर्षांत काय होतं? माझं लाल पेन चार वेळा नेलं, चार वेळा आणून दिलं. एकदा माझ्या लेकीच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला जेवला, कारण दोन पंगती वाढण्यात गेल्या होत्या. चुकला की स्वतः येऊन सांगायचा. फोडाफोडी करणाऱ्या माणसाचं पान असं नसतं. पण माझ्या मनातलं पान मालकांना काय दाखवणार?

म्हणून मी खरी वही उघडली आणि त्या पंपाची जावक काढली. आठ जानेवारी, मंगळवार. ‘सुकुमारकडून ड्रॉइंग आले. पाठवणे बाकी.’ नऊ जानेवारी, बुधवार. शेरा माझ्याच हातचा: ‘भोक चुकले. सुकुमार परत घेऊन गेला. दुरुस्त करून पाठवले.’

मी सरळ सुकुमारच्या टेबलाशी गेले. तो ड्रॉवर रिकामा करत होता.

“ते भोक किती होतं रे?”

“कुठलं भोक, अक्का?”

“पंपाचं. मंगळवारी चुकलं होतं ते.”

“बोल्टचं. अठरा पाहिजे होतं, बावीस पडलं. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडचं नीट केलं. कशाला?”

“महादेवनं आणलेल्या कागदावर किती हाय?”

सुकुमार ड्रॉवर सोडून उभा राहिला. त्यानं तो कागद उलटा दुरून पाहिला होता. मी मालकांच्या टेबलावर सरळ पाहिला होता आणि आकडे माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत.

“बावीस,” मी म्हणाले. “तू चोर असतास तर नीट केलेलं दिलं असतंस. का मुद्दाम चुकलेलं विकलंस?”

“चुकलेलं फक्त...” तो थांबला. माझ्याकडं बघायचं टाळून म्हणाला, “ते एक रात्र फक्त तुमच्या मशीनवर होतं, अक्का.”

“ते मला कळतंय.”

“मग सोडून द्या. माझं मी बघतो.”

“काय बघतोस? ड्रॉवर?”

“तुमच्यावर येईल.”

“येऊ दे की. माझं मी बघते.”

शुक्रवारी सकाळी दहाला प्रसन्नला बोलावलं. स्कूटर लावून, हेल्मेट काखेत घेऊन तो आला आणि तासभर माझ्या मशीनमध्ये डोकं घालून बसला.

“अक्का, मशीन चकाचक हाय. व्हायरस न्हाई, काय न्हाई.”

“तपासणारं सॉफ्टवेअर कधीचं हाय?”

तो हसला. “मालकांनी घेतलंय म्हटल्यावर इचारू नका.”

“मग ते चकाचक म्हणणारच. प्रसन्न, माझ्या मशीनवरनं ड्रॉइंग बाहेर गेलंय. मी पाठवलं न्हाई. कुणी हात लावला न्हाई, मी जागची हलले तर पासवर्ड लावून हलते. मग आत कुणीतरी बसलंय. ते आलं कुठनं?”

“आल्याशिवाय बसत न्हाई, एवढं खरं.”

“आणि इथं आलेलं सगळं माझ्या वहीत असतंय.”

मी दिवाळीनंतरची आवक काढली. प्रसन्न खुर्ची ओढून शेजारी बसला. मी एकेक ओळ बोटानं खाली सरकवत गेले. आत पाच, बाहेर पाच. आत अकरा, बाहेर अकरा. आत तीन, बाहेर तीन. प्रसन्न जांभई देत म्हणाला, “तुमच्या वहीत भांडण कधी होतंच न्हाई का ओ?”

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर माझं बोट थांबलं. सव्वीस तारीख. कुठल्याशा व्हॉल्व्ह कंपनीची चौकशी, नाव आधी न ऐकलेलं, नंतरही कधी पत्र आलं नाही. आत सात, बाहेर सात.

मी उठले, माठातलं पाणी प्यायले, परत आले.

“हे उघड,” मी म्हणाले.

“हेच का?”

“उघड म्हणते ना.”

आलेलं गाठोडं मी कधी पुसत नसे, ते जपून ठेवलेलंच होतं. प्रसन्ननं आधी इंटरनेटची वायर काढली. मग यादी उघडली. सात नावं. नव्या फोल्डरात उलगडलं. सॉफ्टवेअर म्हणालं, सगळं ठीक.

“मोजा तुमचं,” तो म्हणाला.

मी पडद्यावर बोट ठेवलं. “लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.”

“परत मोजा.”

“परत सहाच हाईत.”

प्रसन्नची जांभई पळाली. त्यानं यादीचा रकाना ओढून रुंद केला. सातव्या नावाच्या पुढं टिंबं आणि तिरप्या रेघांची लांबलचक शेपटी होती. रकाना अरुंद असल्यानं ती इतके दिवस दिसतच नव्हती.

“आईशप्पथ,” तो म्हणाला. “अक्का, तुम्ही हमालाला सांगता, सगळा माल ह्या खोलीत टाक. बरोबर? पण एका पोत्यावर चिठ्ठी हाय, मला मागच्या दारानं मालकांच्या कपाटात ठेवा. शहाणा हमाल काय करंल?”

“चिठ्ठी फाडंल आणि खोलीतच टाकंल.”

“ह्या आपल्या जुन्या हमालानं चिठ्ठी वाचली आणि गुमान कपाटात नेऊन ठेवलं. नव्यांत ही खोड काढलीय. म्हणून तर डोकं खात होतो मालकांचं.”

त्यानं ते कपाटही उघडून दाखवलं. मशीन चालू झालं की आपोआप काय काय चालू व्हायचं, त्याची ती जागा. तिथं सातवा नग बसला होता, सव्वीस नोव्हेंबरपासून.

“म्हणजे रोज सकाळी मी मशीन चालू केलं की...”

“हा पण उठतोय.”

“आणि दिवसभर करतो काय?”

“तुमचंच काम,” प्रसन्न म्हणाला. “जावक. फक्त नोंद ठेवत न्हाई.” मग माझ्याकडं वळला. “पण शंभरेक गाठोड्यांतनं तुम्ही नेमकं हेच काढलंत. कसं?”

“मोजायची सवय हाय,” मी म्हणाले आणि वही मिटली.

खरं सांगायचं तर त्या घडीला मला वाटलं होतं, एवढ्यात भागेल. मशीन दाखवलं, प्रसन्ननं दोन शब्द सांगितले की सुकुमार सुटला. शनिवारी मी त्याच भरवशावर केबिनमध्ये गेले.

मालकांनी राजीनामा टाइप करून घेतलेला होता. त्यावर पेन आडवं ठेवलेलं. सुकुमार इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, जणू कुणाच्या साखरपुड्याला. मी बावीसच्या भोकाचं सांगितलं, तर मालक म्हणाले, “नीट करायच्या आधीच ह्यानं दिलं नसंल कशावरनं?” प्रसन्ननं हमालाची गोष्ट परत सांगितली, जरा हात जास्त हलवून. मालकांनी सगळी ऐकून घेतली.

“झालं?”

“झालं, मालक.”

“काल उलगडलं तेव्हा ते पोतं कपाटात गेलं. मान्य. पण नोव्हेंबरात गेलं होतं कशावरनं? काल तूच टाकलं नसशील कशावरनं?”

“फाइलवर तारीख हाय की!”

“तारीख बदलता येती. गेल्या वर्षी कॅमेरे बसवताना तूच सांगितलंस मला.” मालकांनी हात पुढं केला. “अक्का, वही.”

मी दिली. त्यांनी चष्मा लावून पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. “सव्वीस नोव्हेंबर. आत सात. बाहेर सात. सही, मालन पोवार.” वही उघडीच टेबलावर ठेवली. “त्या दिवशी सातच्या सात बाहेर आलेत. तुझा सातवा नग कपाटात गेला असता तर अक्कांना सहाच सापडले असते. प्रसन्न, तू सुकुमारच्या भावाच्या शेजारी दुकान थाटून बसतोस. तुझं ऐकू का ह्या वहीचं?”

प्रसन्न माझ्याकडं बघायला लागला. सुकुमारनं पाहिलं नाही. त्यानं पेन उचललं आणि टोपण काढलं.

“थांब,” मी म्हणाले.

“अक्का, राहू द्या.”

“तू गप्प बस. टोपण लाव त्याला.”

मी टेबलावरून वही उचलली. केबिनची खिडकी पश्चिमेला होती आणि दुपारचं ऊन सरळ काचेवर आलेलं होतं. ते पान मी काचेवर सपाट धरलं.

“मालक, इथं येऊन बघा.”

“काय बघू?”

“या की.”

ते उठले. पान सगळं सारखं पिवळं दिसत होतं. फक्त ‘बाहेर’च्या रकान्यातल्या सातभोवती करंगळीच्या नखाएवढी जागा जास्त उजळ होती. कागद तिथं पातळ झालेला. ब्लेडनं खरवडल्यावर होतो तसा.

“ह्याच्या खाली सहा हाय,” मी म्हणाले. “मी लिहिलेला. मग खरवडलेला.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कशाला?”

“आत सात लिहून झालं होतं. बाहेर सहाच आले. दोनदा मोजले, सहाच. सॉफ्टवेअर म्हणालं, सगळं ठीक. मला वाटलं, आधी मोजताना मीच चुकले असणार. मग आतला सात खोडावा लागला असता, नाहीतर शेरा लिहावा लागला असता, एक नग सापडत नाही म्हणून. पान घाण दिसलं असतं.” मी एक श्वास घेतला. “चार वाजले होते आणि पाचला तुम्ही पाहुण्यांना वही दाखवणार होता. मी ब्लेड घेतलं.”

“आणि बाकीची पानं?”

“सगळी धरून बघा खिडकीला. एवढं एकच हाय.”

मालकांनी खरंच धरली. मागची सहा-सात पानं, पुढची दहा. खाली मोल्डिंगच्या शेडमध्ये कुणीतरी घणानं साचा मोडत होतं. मला त्या पानांची भीती नव्हती. भीती गुरुवारपासून होती ती याच एका पानाची. ‘अक्कांच्या वहीत खाडाखोड न्हाई’ हे मालक म्हणाले तेव्हा मी दारातच उभी होते आणि मला तो आकडा तेव्हाच आठवला होता. आठवूनही मी आधी भोक शोधलं, मग प्रसन्नला शोधलं, आणि हे पान शेवटचं ठेवलं.

“म्हणजे,” मालक सावकाश म्हणाले, “तुमच्या वहीवर मी ह्याला काढत होतो.”

“होय.”

त्यांनी टाइप केलेला कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि फाडला. सुकुमारची माफी काही मागितली नाही. मालक लोकांना ते जमत नाही. पेन ड्राइव्ह बोटानं त्याच्याकडं सरकवला आणि म्हणाले, “सोमवारी त्या पंपाचं नवीन ड्रॉइंग पाहिजे. त्यांच्यापेक्षा बरं.”

“देतो,” सुकुमार म्हणाला.

“प्रसन्न, ते नवीन सॉफ्टवेअर टाक आजच्या आज.”

“मालक, दोन वर्षं सांगतोय.”

“फुकट हाय न्हवं?”

“नवीन पण महिनाभर फुकटच हाय.”

“मग दोन वर्षं नुसतं सांगत काय बसलास?”

प्रसन्ननं कपाळाला हात लावला आणि हेल्मेट घेऊन खाली गेला. मालक माझ्याकडं वळले.

“तुमचं काय करू आता, अक्का?”

“काय करायचं ते सोमवारी करा,” मी म्हणाले. “आज वही द्या. नोंद राहिलीय.”

त्या गाठोड्यामागं कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी ती लिहून घेतली आणि दोनदा आमच्याच मशीनचा फोटो काढून नेला. मालकांनी मला काढलं नाही. पुढच्या दसऱ्याला वहीला कुंकू मात्र लावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मी जिन्याखाली येऊन बसले, सव्वीस नोव्हेंबरचं पान काढलं आणि लाल पेनानं सातवर आडवी रेघ मारली. वर सहा लिहिलं. शेऱ्याच्या जागेत मावेना म्हणून समासात लिहिलं: ‘आत ७, बाहेर ६. सातवा नग कुठे गेला ते मी पाहिले नाही. आकडा मी खरवडला.’

डोक्यावर सावली पडली. सुकुमार पुडीतून लवंग काढून माझ्यापुढं धरून उभा होता. त्यानं वाकून ओळ वाचली. लाल शाई समासातून ओघळून खालच्या दोन नोंदींवर गेली होती.

“अक्का,” तो म्हणाला, “पान पार घाण झालं की.”

“होऊ दे,” मी म्हणाले, आणि खाली सही केली.